नदी केंटकीची, काठ ओहायोचा

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी जे औदार्य दाखवले, त्याबद्दलचा हा आदर होता. सत्तावीस वर्षे इतिहास शिकवताना मी ही अर्पणपत्रिका दर वर्षी वर्गात वाचून दाखवली आणि फळ्यावर अमेरिकेचा नकाशा दोन रंगांच्या खडूंनी रंगवला : वर उत्तर, खाली दक्षिण. हे सदाचारी लोक नेमके कोण होते, कोणत्या गावात राहत होते आणि त्यांचे शेजारी त्यांच्याशी कसे वागत होते, हे कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला कधी विचारले नाही. लेक ओहायो राज्यात नोकरीला आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, तेव्हा मी तिला म्हटले, की मला नायगारा दाखवला नाहीस तरी चालेल, पण ती नदी दाखव. तिने पाच दिवसांची रजा काढली.

पहिला दिवस : सिनसिनाटी

सकाळी नदीवर धुके होते आणि समोरचा काठ दिसत नव्हता. ओहायो नदी पंचगंगेच्या कितीतरी पट रुंद आहे. तिच्या उत्तरेला ओहायो राज्यातले सिनसिनाटी आणि दक्षिणेला केंटकी राज्यातले कव्हिंग्टन. १७८७ च्या अध्यादेशाने या नदीच्या उत्तरेकडील प्रदेशात गुलामगिरीला मनाई केली, तर व्हर्जिनियातून फुटून १७९२ साली झालेले केंटकी गुलामांचे राज्य राहिले. दोन्ही गावांना जोडणारा जॉन रोबलिंगचा झुलता पूल १८६६ मध्ये खुला झाला, म्हणजे अमेरिकेतले उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यानंतरच. त्याआधी पलीकडे जायचे तर नाव, किंवा कडाक्याच्या थंडीत गोठलेली नदी.

पुलावरून चालताना लेकीने फोनवरचा नकाशा माझ्यापुढे धरला. राज्यांची सीमा नदीच्या मध्यातून जात असेल असा माझा समज होता, पण ती रेघ अगदी ओहायोच्या काठाला चिकटून आहे. हा प्रदेश मूळचा व्हर्जिनियाचा. उत्तरेकडील जमीन सोडताना त्या राज्याने नदी आपल्याकडेच ठेवली आणि पुढे ती केंटकीकडे आली. त्यामुळे पळून निघालेला माणूस नावेतून पलीकडे टेकेपर्यंत गुलामांच्या राज्यातच असे.

टेकल्यानंतर तरी काय होत असे, याचे उत्तर मार्गारेट गार्नरच्या खटल्यात आहे. १८५६ च्या जानेवारीत ती नवऱ्यामुलांसह गोठलेली नदी ओलांडून सिनसिनाटीत आली. मालकाची माणसे दाराशी पोचली तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारले, पण परत जाऊ दिले नाही. त्यानंतरचा वाद मला आजही अस्वस्थ करतो. गुलामगिरीचे विरोधक म्हणत होते, की तिच्यावर ओहायोच्या कायद्याने खुनाचा खटला भरा, कारण खुनाचा आरोप माणसावरच होऊ शकतो आणि त्या निमित्ताने ती ओहायोतच राहील. मालकाचा पक्ष म्हणत होता, की ती आणि तिची मुले ही मालमत्ता आहे आणि १८५० च्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे मालमत्ता परत मिळाली पाहिजे. एका आईला फाशीची भीती असलेल्या आरोपात अडकवू पाहणारे तिचे मित्र होते. निकाल मालकाच्या बाजूने लागला, तिला दक्षिणेकडे पाठवले गेले आणि दोन वर्षांनी विषमज्वराने ती वारली. त्या १८५० च्या कायद्यात असेही होते, की माणूस मालकाच्या हवाली केला तर सुनावणी करणाऱ्या आयुक्ताला दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच डॉलर मिळत.

काठावरच ‘नॅशनल अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर’ आहे. ‘भूमिगत रेल्वे’ हे नाव ऐकून आमच्या ह्यांना वाटले होते, की बोगदे पाहायला मिळतील. ती रेल्वे म्हणजे पळणाऱ्यांना एका घरातून पुढच्या घरी पोचवणाऱ्या माणसांची साखळी होती. तिथे एकवीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी ओंडक्यांची एक दुमजली कोठी मूळ लाकडासह उभी केली आहे. केंटकीच्या मेसन काउंटीत जॉन अँडरसन नावाचा व्यापारी विकत घेतलेली माणसे त्या कोठीत डांबून ठेवी आणि संख्या पुरेशी झाली, की मिसिसिपीतील नॅचेझच्या बाजाराकडे हाकत नेई. वरच्या मजल्याच्या तुळईला लोखंडी कडी अजून आहे. नंतरच्या काळात तिच्याभोवती तंबाखूचे मोठे कोठार बांधले गेले आणि त्याच्या पोटात ती राहून गेली. आत जाता येते. आम्ही तिघे आत उभे राहिलो आणि कोणीच काही बोललो नाही.

दुपारी या शहराची प्रसिद्ध चिली खाल्ली : शेवयांसारख्या स्पॅगेटीवर दालचिनीचा वास असलेला पातळ रस्सा आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. मूळ पदार्थ गोमांसाचा आहे, पण काळ्या घेवड्याचा प्रकार मागितला तर मिळतो. जाणाऱ्यांनी संग्रहालयाचे सुटीचे वार आधी पाहावेत आणि किमान चार तास हाताशी ठेवावेत.

दुसरा दिवस : वॉलनट हिल्स आणि रिप्ली

सकाळी टेकडीवरच्या वॉलनट हिल्स भागातले, ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीवरच्या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांचे घर पाहिले. त्यांचे वडील लायमन बीचर शेजारच्या लेन सेमिनरीचे, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेचे, प्रमुख होते. १८३४ च्या फेब्रुवारीत तिथल्या विद्यार्थ्यांनी सलग अठरा रात्री गुलामगिरीवर चर्चा केली. त्यांत दक्षिणेतल्या मालकांची मुलेही होती, आणि शेवटी बहुतेक सारे तात्काळ मुक्तीच्या बाजूचे झाले. संस्थेच्या विश्वस्तांनी चर्चेवर बंदी घातली, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थी संस्था सोडून गेले आणि त्यांतले अनेक ओबर्लिनच्या महाविद्यालयात दाखल झाले.

विश्वस्त घाबरले, कारण ते शहरातले व्यापारी होते. सिनसिनाटीचे डुकराचे मांस दक्षिणेच्या मळ्यांवर विकले जाई आणि मळेवाला रागावला तर बाजार बुडाला. म्हणून १८३६ मध्ये याच ‘मुक्त’ शहरातल्या जमावाने जेम्स बर्नी यांच्या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचा छापखाना मोडून नदीत टाकला. ओहायोने १८०४ आणि १८०७ मध्ये केलेल्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना मुक्ततेचा दाखला आणि पाचशे डॉलरचा जामीन मागितला होता. १८२९ मध्ये ते कायदे बजावण्याची धमकी आणि पाठोपाठ झालेले हल्ले यांमुळे हजाराच्या वर माणसे शहर सोडून गेली, त्यांतली बरीच कॅनडात. फळ्यावर मी ज्या उत्तरेला पांढरा खडू वापरत होते, ती ही उत्तर.

दुपारी नदीकाठच्या ५२ क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेला निघालो. साधारण पन्नास मैलांचा हा रस्ता घाईने संपवू नये. मेपल लाल झाले होते, मधूनच ऊन येई, आणि रस्त्याकडेच्या काळ्या लाकडी कोठारांची दारे सताड उघडी होती. आत छतापर्यंत तंबाखू टांगलेला होता. गाडीची काच खाली केल्याबरोबर वास आला आणि मी एकदम माहेरी, निपाणीच्या वखारीसमोर उभी राहिले. लेकीला गाडी थांबवायला सांगितली. कोठाराच्या मालकाने परवानगी दिली, एक पान हातात दिले आणि विचारले, “तुमच्याकडे उन्हात वाळवतात की सावलीत?” मी सांगितले, की आमच्याकडचा उन्हात वाळतो. इकडचा बर्ली तंबाखू सावलीत वाऱ्यावर वाळतो, हे त्याने मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले.

रिप्ली हे नदीच्या काठावर एका ओळीत वसलेले लहान गाव आहे. गावामागच्या टेकडीवर पाद्री जॉन रँकिन यांचे विटांचे छोटे घर. रात्री खिडकीत दिवा दिसला, की केंटकीच्या काठावरच्या माणसाला दिशा कळे. खालून सुमारे शंभर पायऱ्या चढून जाता येते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागून गाडीरस्ता आहे. हे घर हिवाळ्यात बंद असते. मी पायऱ्यांनी गेले, तीनदा बसले. वर पोचल्यावर मागे वळून पाहिले तर नदी इतकी जवळ आणि पलीकडचे शेत इतके स्पष्ट दिसत होते, की तिथे कोणी हाक मारली असती तर ऐकू आली असती.

रँकिन मूळचे टेनेसीचे, म्हणजे दक्षिणेचेच. त्यांचा भाऊ थॉमस व्हर्जिनियात व्यापारी होता आणि त्याने गुलाम विकत घेतल्याचे कळताच या भावाने त्याला एकामागून एक पत्रे लिहिली. ती रिप्लीच्या वृत्तपत्रात छापली गेली आणि १८२६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. थॉमसने पुढे त्या माणसांना मुक्त केले. देशाचे दोन तुकडे युद्धाने पडले ते १८६१ मध्ये. या एका घरात ते जवळजवळ चाळीस वर्षे आधीच पडले होते आणि पत्रांनी सांधलेही गेले होते. इथवर वाचून कोणाला वाटेल, की गाव त्यांच्या पाठीशी होते. तसे नव्हते. व्याख्यानांना गेल्यावर त्यांच्यावर जमाव चालून येत, आणि १८४१ मध्ये हत्यारबंद माणसांनी रात्री या घरावरच हल्ला केला, तेव्हा त्यांच्या मुलांनी गोळीला गोळीने उत्तर दिले.

तरीही माझे मन टेकडीवर नाही, खाली नदीलगतच्या एका घरात राहिले. ते जॉन पार्कर यांचे घर. व्हर्जिनियात जन्मलेल्या पार्करना आठव्या वर्षी आईपासून तोडून विकले आणि साखळीला बांधून अलाबामातल्या मोबीलपर्यंत चालवत नेले. लोखंड ओतण्याचे काम शिकून १८४५ मध्ये त्यांनी अठराशे डॉलर भरून स्वतःला विकत घेतले आणि पुढे रिप्लीत स्वतःची लोखंडाची भट्टी काढली. दिवसा ते यंत्रांचे भाग ओतत आणि रात्री नाव वल्हवत केंटकीत जाऊन माणसे घेऊन येत. रँकिनांकडे पळालेली माणसे येत. पार्कर ती आणायला जात, आणि पकडले गेले असते तर पुन्हा साखळीत गेले असते. एका जोडप्याने पळू नये म्हणून मालक त्यांचे तान्हे मूल रात्री स्वतःच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवी. पार्कर त्या खोलीत शिरले आणि झोपलेल्या मालकाच्या पायथ्याचे मूल उचलून बाहेर आले, असे त्यांनी उतारवयात एका पत्रकाराला सांगितले. ही हकिकत सांगताना तिथल्या वयस्कर स्वयंसेविकेने खिडकीतून पलीकडच्या काठाकडे हात केला आणि म्हणाल्या, “घर त्या बाजूला होते. तुम्ही उद्या तिकडेच जाणार आहात ना?” हे घर आठवड्यातले काही दिवसच उघडे असते, म्हणून आधी फोन करावा.

तिसरा दिवस : मेझव्हिल आणि वॉशिंग्टन गाव

नदी ओलांडून आम्ही केंटकीत आलो. मेझव्हिल हे देखणे गाव आहे. पुराची भिंत, तिच्यावर रंगवलेली चित्रे, आणि बेकरीत ‘ट्रान्स्परंट पाय’ नावाचा इथलाच पदार्थ : लोणी, साखर, अंडी आणि साय यांचे पातळ, पारदर्शक सारण भरलेली वाटी. ह्यांनी दोन खाल्ल्या आणि चार बांधून घेतल्या. राहण्याच्या ठिकाणी आमच्या आरक्षणाची नोंदच सापडेना आणि रात्री आठ वाजता दुसरी खोली शोधावी लागली. लहान गावात मुक्काम असेल तर आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी.

वर पठारावर जुने वॉशिंग्टन गाव आहे. १८३३ मध्ये तरुण हॅरिएट बीचर आपल्या एका विद्यार्थिनीच्या घरी इथे पाहुण्या आल्या होत्या आणि कचेरीसमोरच्या हिरवळीवर त्यांनी माणसांचा लिलाव पाहिला, असे तिथे सांगतात. ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. नदी ओलांडणाऱ्या बाईची त्यातली कथा मात्र रिप्लीची : १८३८ मध्ये एक आई मूल उराशी धरून तुटत्या बर्फावरून आली आणि रँकिनांच्या घरी विसावली. ती हिरवळ आज एखाद्या शाळेच्या अंगणासारखी आहे. एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या.

पहिल्या दिवशी पाहिलेली कोठी याच काउंटीतून नेलेली आहे. इथे कापूस पिकत नाही. मग माणसांचा एवढा व्यापार कशासाठी, हा प्रश्न मला पडला होता आणि त्याचे उत्तर पुढच्या दिवशी लेक्सिंग्टनला मिळाले.

चौथा दिवस : लेक्सिंग्टन

६८ क्रमांकाच्या रस्त्याने सुमारे पासष्ट मैल. दगडी कुंपणे, घोड्यांची कुरणे, निळसर हिरवे गवत. एकोणिसाव्या शतकात इथे ताग नव्हे, पण तागासारखाच वाख देणारे हेंप नावाचे पीक घेत आणि त्याचे दोरखंड व गोणपाट दक्षिणेत कापसाच्या गाठी बांधायला जात. म्हणजे कापूस मिसिसिपीत पिकला तरी त्याची दोरी इथे वळली जाई, आणि शेतीला लागत नसतील तेवढी माणसे इथून नदीमार्गे खाली विकली जात. केंटकीच्या गुलामीला लोक सौम्य म्हणत, असे जुन्या पुस्तकांत वाचले होते. ज्या घरातून लेकरू कधीही बाजारात जाऊ शकते, तिथे सौम्य या शब्दाला अर्थ उरत नाही.

हा बाजार चीपसाइड नावाच्या चौकात भरे. तिथले दक्षिणेच्या सेनानींचे दोन पुतळे, जॉन ब्रेकिनरिज आणि जॉन हंट मॉर्गन यांचे, २०१७ मध्ये हलवले आणि चौकाला आता हेन्री टँडी यांचे नाव आहे. टँडी गुलामगिरीत जन्मले आणि पुढे या शहरातले नावाजलेले बांधकाम कंत्राटदार झाले. आम्ही गेलो तेव्हा छपराखाली शेतकऱ्यांचा बाजार भरला होता, भोपळे आणि सफरचंदे.

शहराबाहेर हेन्री क्ले यांचे ‘अ‍ॅशलंड’ हे घर आहे. गुलाम राखणारी आणि न राखणारी राज्ये यांच्यात समेट घडवणाऱ्या १८२० ची मिझुरीची तडजोड आणि १८५० ची तडजोड, या दोन्हींत त्यांचा मोठा वाटा. गुलामगिरी वाईट आहे असे ते म्हणत आणि गुलाम बाळगत. ते परराष्ट्रमंत्रिपदावरून उतरून केंटकीला परतायला निघाले, तेव्हा १८२९ मध्ये त्यांच्याच घरातल्या शार्लट डुपी या गुलाम बाईने राजधानी वॉशिंग्टनच्या न्यायालयात स्वतःच्या सुटकेचा दावा केला. ती हरली. क्ले यांनी तिला मुक्त केले ते १८४० मध्ये. देशभर तडजोडी घडवणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरातून हा दावा उभा राहिला, याचे मोल मला त्या साऱ्या भाषणांपेक्षा अधिक वाटते.

मेन स्ट्रीटवर लिंकन यांच्या पत्नी मेरी टॉड यांचे माहेर आहे. त्यांचे अनेक सख्खे-सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढले आणि सावत्र बहिणीचा नवरा, दक्षिणेचा सेनानी, १८६३ मध्ये चिकामॉगाला पडला. लिंकन स्वतः केंटकीत जन्मले आणि युद्धातले दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिसही. १८६० च्या निवडणुकीत लिंकनना या राज्यात अवघी १,३६४ मते पडली. युद्ध सुरू झाल्यावर राज्याने आधी तटस्थता जाहीर केली आणि सप्टेंबर १८६१ पर्यंत ती कशीबशी टिकवली. नंतर ते संघराज्यातच राहिले, पण गुलाम राखून. १८६३ ची मुक्तीची घोषणा बंडखोर प्रदेशांपुरती असल्याने इथे लागूच झाली नाही. इथली गुलामगिरी गेली ती डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि केंटकीने त्या दुरुस्तीला आपली संमती दिली १९७६ मध्ये. मार्गदर्शक तरुणाने हा आकडा सांगितल्यावर ह्यांनी तो पुन्हा विचारून घेतला.

पाचवा दिवस : कॅम्प नेल्सन

लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला वीस मैलांवर, उंचसखल कुरणात, १८६३ मध्ये उभारलेल्या लष्करी छावणीची ही जागा २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. प्रवेश विनामूल्य आहे. वारा झोंबत होता. जाड कपडे आणि चालायचे बूट न्यावेत. वाटेत निकोलसव्हिलला थांबून घेवड्याची पातळ उसळ, मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड आणि कच्चा कांदा असे जेवलो. पाच दिवसांत प्रथमच घरचे जेवल्यासारखे वाटले.

केंटकीतल्या गुलामाला मालकाच्या मर्जीशिवाय सुटकेचा एकच कायदेशीर रस्ता १८६४ पासून होता : सैन्यात भरती होणे. या छावणीत दहा हजारांवर कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. त्यांच्या बायकामुलांना मात्र ते स्वातंत्र्य नव्हते, आणि ती पाठोपाठ छावणीत आली. नोव्हेंबर १८६४ मध्ये, गोठवणाऱ्या थंडीत, छावणीच्या अधिकाऱ्याने सुमारे चारशे बायकामुलांना बाहेर काढले आणि त्यांची खोपटी पाडली. १०२ जण दगावले. जोसेफ मिलर या सैनिकाने शपथेवर दिलेला जबाब तिथे वाचायला मिळतो. आजारी मुलाला बाहेर नेले तर तो मरेल, असे त्याने पहारेकऱ्याला सांगितले होते. रात्री तो कुटुंबाच्या शोधात निघाला आणि सहा मैलांवर निकोलसव्हिलच्या एका जुन्या प्रार्थनागृहात ती सापडली. मुलगा गेलेला होता. तो त्याच रात्री चालत छावणीत परतला, सकाळी पुन्हा चालत गेला आणि स्वतःच्या हातांनी खड्डा खणून मुलाला पुरले. तेच सहा मैल आम्ही जेवून दहा मिनिटांत आलो होतो.

हे अत्याचार करणारे सैन्य उत्तरेचे होते, आणि हे जबाब नोंदवून वॉशिंग्टनपर्यंत पोचवणारेही त्याच सैन्यातले होते. आरडाओरडा झाला, बायकामुलांसाठी निवारा उभा राहिला आणि मार्च १८६५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा केला. मिलर तोवर जिवंत नव्हता. जानेवारीतच तो गेला आणि त्याची बायको व उरलेली मुलेही. जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केले, त्यांत रँकिन नक्कीच येतात. मला त्या यादीत पार्कर हवेत, शार्लट डुपी हवी आणि हा मिलर हवा.

शेजारच्या राष्ट्रीय दफनभूमीत पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. संध्याकाळी तिथे एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ हातात कागद घेऊन रांगा मोजत होते. आजोबांच्या आजोबांचा दगड शोधायला ते आले होते. लेक त्यांच्याबरोबर शोधू लागली, मग आम्हीही. अर्ध्या तासाने दगड सापडला. त्यांनी टोपी काढली, दगडाशेजारी उभे राहिले आणि लेकीला फोटो काढायला सांगितला. फोन परत हातात आल्यावर त्यांनी फोटो मोठा करून दगडावरचे नाव नीट वाचता येते आहे ना, एवढे पाहिले.